आपल्या कामाची चिरफाड: एका डीटीपीवालीची वही

माझे बाबा उलटं वाचायचे. ते जुळारी होते, म्हणजे छापखान्यात सुटी अक्षरं जुळवून मजकूर उभा करणारे. जुळाऱ्याच्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे पट्टीत, शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, असतात. त्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी फिरलेली आणि ओळ डोक्यावर उभी. ती वाचून, कागदावर एकही ठसा उमटायच्या आत, "तिसऱ्या ओळीत वेलांटी चुकलीय" असं ते सांगत. एकोणतीस वर्षं त्यांनी हे काम केलं. मग छापखान्यात संगणक आला. मालकांनी बाबांना टायपिंग शिकायला बसवलं. बाबा आठ दिवस बसले आणि नवव्या दिवशी म्हणाले, "ही बोटं खिळ्यांची आहेत." पुढची चार वर्षं त्यांनी त्याच छापखान्यात कागदाच्या रिमा मोजल्या. खिळ्यांचे खण हलवून तिथे जे टेबल ठेवलं, त्यावर मी डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं लावणं, शिकले.

त्यातली मेख मला पंधरा वर्षांनी कळली. त्याच छापखान्यात तेव्हा प्रुफं वाचायला धड माणूस मिळत नव्हता. टायपिंगचा वेग वाढला तशा चुका वाढल्या होत्या आणि आतल्या खोलीत प्रुफांचा ढीग साचत होता. बाबांचं कसब डोळ्यांत होतं, पण ते स्वतःला जुळारी म्हणत, मालक त्यांना जुळारी म्हणत, मीही तेच म्हणायचे. जुळाऱ्याचं काम संपलं होतं, म्हणून बाबांचंही संपलं असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. मधली भिंत जेमतेम नऊ इंचांची होती.

त्यामुळे आता कोणी विचारलं, की एआयने माझी नोकरी जाईल का, तर मी आधी हुद्दा विसरायला सांगते आणि वही काढायला लावते. ही उठाठेव मी दर सहा महिन्यांनी स्वतःवर करते. गेल्या वर्षी भाचीवर केली. ती नुकतीच एका कंपनीच्या लेखा विभागात लागली होती आणि रात्री-अपरात्री बातम्यांचे दुवे मला पाठवत होती. पद्धत साधी आहे, फक्त वेळखाऊ आहे. एक आठवडा नोंदी आणि दोन निवांत संध्याकाळी, एवढं लागतं.

आधी टक्केवाऱ्यांचं

भाचीने पाठवलेल्या दुव्यांपैकी निम्म्यांत ४७ टक्के हा आकडा होता. तो कुठून आला ते तिला माहीत नव्हतं. २०१३ साली ऑक्सफर्डमधल्या कार्ल फ्रे आणि मायकेल ऑसबर्न यांनी ७०२ व्यवसाय तपासले आणि अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या यंत्रांकडे जाण्याच्या मोठ्या धोक्यात आहेत असं मांडलं. तीन वर्षांनी ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात २१ देशांकरता हाच प्रश्न घेतला गेला आणि सरासरी उत्तर आलं ९ टक्के. मधल्या तीन वर्षांत यंत्रं मठ्ठ झाली नव्हती. पहिल्यांनी अख्खा व्यवसाय एक वस्तू म्हणून मोजला. दुसऱ्यांनी त्या व्यवसायातली माणसं दिवसभर प्रत्यक्ष काय काय करतात ते पाहिलं, आणि बहुतेकांच्या दिवसात यंत्राला न जमणारं काहीतरी निघालं.

भल्याभल्यांची इथेच गफलत होते. एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेफ्री हिंटन, २०१६ साली म्हणाले होते, की नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस होईल. पुढे या गृहस्थांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे अडाणी माणसाचं बोलणं नव्हे. पाच वर्षं उलटून गेली. यंत्रं खरोखर चांगली झाली आणि रेडिओलॉजिस्ट मात्र अजून कमीच पडतात. चित्रातली गाठ ओळखणं हे त्या डॉक्टरच्या दिवसातलं एक काम. कुठली तपासणी करायची ते ठरवणं, सर्जनशी बोलणं, जुन्या अहवालाशी ताडून पाहणं, सुई कुठे घालायची ते दाखवणं ही बाकीची कामं हुद्द्याच्या नावात दिसत नाहीत.

तेव्हा टक्केवारी दिसली, की एवढंच पाहायचं: यांनी हुद्दे मोजलेत की कामं? हुद्दे मोजले असतील तर पुढची बातमी वाचायला घ्या.

वही: एक आठवडा, फक्त क्रियापदं

वहीच्या डाव्या पानावरच लिहायचं. उजवं पान कोरं ठेवायचं, ते का ते शेवटी सांगते. दिवसभरात जे कराल ते क्रियापदात लिहा: तपासलं, जुळवलं, समजावलं, वाट पाहिली, पुन्हा केलं. "प्रकल्पावर काम" किंवा "समन्वय" असली नामं लिहिलीत तर काहीच हाती लागणार नाही. ते शब्द वार्षिक अहवालात शोभतात.

मी पहिल्यांदा वही केली तेव्हा माझा अंदाज होता, की माझी दहा-बारा कामं असतील. आठवड्याअखेर ४१ निघाली. ज्याला मी इतकी वर्षं "पुस्तक लावणं" म्हणत होते, त्याच्या पोटात हे होतं: लेखकाच्या फाइलमधल्या दुहेरी जागा आणि वाकडे अवतरणचिन्ह काढणं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांच्या संकेतात, आणणं. आणल्यावर उडी मारून भलत्याच अक्षरावर बसलेले रफार आणि मागेपुढे झालेल्या पहिल्या वेलांट्या शोधणं. शब्द कुठे तोडायचा ते ठरवणं. पानाच्या डोक्यावर एकटी पडलेली ओळ मागे ढकलणं. तक्ता दोन पानांवर फाटू न देणं. पानांची संख्या आणि कागदाची जाडी यांवरून पुस्तकाच्या कण्याची रुंदी काढणं. सूची बनवणं. शेवटचं प्रूफ मंजूर झाल्यावर "एकच परिच्छेद घालायचाय" म्हणणाऱ्या लेखकाला त्या परिच्छेदाने पुढची चाळीस पानं कशी सरकतात ते समजावणं. संपादक आणि लेखक यांचं बिनसलेलं असताना दोघांना वेगवेगळा फोन करणं.

या शेवटच्या दोन गोष्टींना मी तोवर कामात व्यत्यय समजत होते. आठवड्यात त्यांत साडेसहा तास गेले होते.

भाचीची यादी ३३ कामांची झाली. तिने पहिल्या दिवशी फक्त चार ओळी लिहिल्या: बिलं नोंदवली, जुळवाजुळव केली, मेल पाठवल्या, बैठक. मी म्हटलं, "बिलं नोंदवली म्हणजे काय केलंस ते हातवारे करून दाखव." तेव्हा निघालं, की एका पुरवठादाराच्या बिलावर मालाचा क्रमांक नेहमी जुना असतो आणि तो कुठल्या नव्या क्रमांकाशी जुळतो हे विभागात फक्त तिला आणि निवृत्तीला टेकलेल्या एका काकांना ठाऊक आहे. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, तिच्या वहीतसुद्धा.

काही सुटलं असेल असं वाटत असेल, तर अमेरिकेच्या श्रम विभागाचा ओ-नेट नावाचा माहितीसाठा इंटरनेटवर फुकट आहे. त्यात शेकडो व्यवसायांची कामं एकेका वाक्यात मांडलेली आहेत. आपल्या जवळचा व्यवसाय काढा आणि यादी ताडून पाहा. भाषा रुक्ष आहे, पण "अरे, हेही मी करते की" असं दोन-तीनदा तरी म्हणाल.

तीन खुणा

आता लाल पेन घ्या. मी मुद्रितशोधनातल्याच तीन खुणा वापरते. काढून टाका, म्हणजे शब्दावर रेघ आणि समासात वळसा. राहू द्या, म्हणजे शब्दाखाली टिंबं. आणि काकपद, म्हणजे इथे भर घाला. कुठल्या कामाला कुठली खूण हे ठरवायला चार प्रश्न आहेत. सगळे सारख्या वजनाचे नाहीत, दुसरा सर्वांत जड आहे.

पहिला प्रश्न: याचे हजारो नमुने कुठे साठलेले आहेत का? पूर्वी हा प्रश्न वेगळा असायचा, की याचे नियम लिहून देता येतात का. २००३ साली डेव्हिड ऑटर हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कामांची अशीच विभागणी केली: नियमात बसणारी कामं संगणक घेतो, न बसणारी माणसाकडे राहतात. मायकेल पोलान्यी या विचारवंताने तर १९६६ मध्येच लिहून ठेवलं होतं, की सांगता येतं त्याहून आपल्याला जास्त कळत असतं. सायकलवर तोल कसा सांभाळता ते सांगून पाहा. पण आताची यंत्रं नियम मागतच नाहीत, नमुने मागतात. ज्या कामाचे तयार नमुने ढिगाने उपलब्ध आहेत, ते नियमात बसो न बसो, धोक्यात आहे. मलपृष्ठावरचा मजकूर लिहिणं हे मला अगदी माणसाचं काम वाटायचं. त्याचे लाखो नमुने आहेत. मी त्यावर रेघ मारली. पुरवठादाराच्या जुन्या क्रमांकाचा नमुना मात्र दोन डोक्यांबाहेर कुठेच नाही.

दुसरा प्रश्न: चूक झाली तर ती कधी कळते आणि कोणाला? ताबडतोब कळणारी, सहज सुधारता येणारी चूक असेल तर ते काम यंत्राला खुशाल द्या. ओळ बाहेर गेली तर डोळ्यांना दिसते. पण काही चुका गप्प बसतात. मी एकदा प्रथमोपचाराची पुस्तिका लावत होते. त्यात "शीर दाबू नये" या वाक्याचं "शिर दाबू नये" झालं होतं. शीर म्हणजे रक्तवाहिनी, शिर म्हणजे डोकं. दोन्ही शब्द शुद्ध, दोन्ही शब्दकोशात, दोन्ही वाक्यं व्याकरणात बसणारी. तपासनीस सॉफ्टवेअर ढिम्म हललं नाही. ती चूक कळली असती ती कुणाच्या तरी हाताखाली, छपाईनंतर कितीतरी महिन्यांनी. तुमच्या यादीत अशा गप्प चुका जिथे जिथे संभवतात, तिथे टिंबं द्या. आणि त्या चुका तुम्ही कशा पकडता ते शेजारी एका ओळीत लिहा. लिहिता येत नसेल तर आणखी दोन टिंबं द्या.

याच प्रश्नाला जोडून सहीचा मुद्दा येतो. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले. दंड झाला तो वकिलांना, पाच हजार डॉलर. कॅनडात २०२२ साली एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे असा बचाव कंपनीने करून पाहिला. २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो मानला नाही आणि भरपाई कंपनीकडून वसूल केली. यंत्र काम करतं, पण निस्तरायला कोणीतरी माणूस किंवा संस्था लागते. तुमच्या यादीतल्या कुठल्या कामाखाली तुमची सही जाते, नाव जातं, नोंदणी क्रमांक जातो, ते पाहा. तिथे यंत्र आलं तरी तपासायला तुम्ही राहाल. फक्त तपासण्याचा वेळ कोणी गृहीत धरत नाही. तो आधीच मागून घ्यावा लागतो.

तिसरा प्रश्न: हे स्वस्त झालं तर लोक जास्त मागतील का? पहिलं एटीएम १९६७ मध्ये लंडनच्या एन्फील्ड भागात लागलं. ते पैसे देतं, मग रोखपाल कशाला, असं कोणालाही वाटेल. जेम्स बेसन या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतला हिशोब मांडला. १९८८ ते २००४ या काळात शहरी शाखेतले रोखपाल सरासरी २० वरून १३ वर आले. पण शाखा चालवणं स्वस्त झाल्याने बँकांनी शहरांत चाळीस टक्क्यांहून जास्त शाखा वाढवल्या आणि रोखपालांची एकूण संख्या घसरली नाही. ही गोष्ट बरेच जण इथेच थांबवतात, कारण इथवर ती गोड आहे. पुढे फोनवरची बँक आली, शाखेतच जायची गरज उरली नाही आणि मग रोखपाल कमी होऊ लागले. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर त्या त्या यंत्रापुरतं असतं. १९८५ साली पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आणि अ‍ॅपलचा लेझर प्रिंटर आले, पुस्तक लावणं स्वस्त झालं, आणि पूर्वी कधी छापले न गेलेले लोक छापायला आले. माझी कारकीर्द त्या लाटेवर झाली. तीच लाट पुन्हा येईल असं मी धरून चालत नाही.

चौथा प्रश्न भाबडा वाटेल: समोरच्याला इथे माणूसच हवा असतो का? हो असेल तर टिंबं. पण स्वतःची फसवणूक करू नका. मला वाटायचं, लेखकांना अंदाजपत्रक माझ्याकडूनच ऐकायला आवडतं. एकाला विचारलं. तो म्हणाला, रात्री अकराला आकडा कळला तर बरं होईल.

शिडीच्या खालच्या पायऱ्या

हे कामाला नुकते लागलेल्यांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी. भाचीच्या वहीत रेघा मारून झाल्यावर तिचा चेहरा पडला, कारण तिच्या रेघा माझ्यापेक्षा दुप्पट होत्या. नवख्याला जी कामं देतात ती सोपी, पुष्कळ नमुन्यांची, लगेच तपासता येणारी असतात, म्हणजे यंत्राला नेमकी आवडणारी. कार्यालयीन कामाचं तर जास्तच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अभ्यासात लेखनिकी कामं नव्या एआयच्या सर्वाधिक तडाख्यात निघाली. ती कामं बहुतांशी बायका करतात, त्यामुळे श्रीमंत देशांत ७.८ टक्के बायकांच्या नोकऱ्या धोक्यात मोडतात आणि पुरुषांच्या २.९ टक्के.

दुसऱ्या बाजूने, एआयचा फायदाही नवख्यालाच अधिक होताना दिसतो. ग्राहक-मदत करणाऱ्या ५,१७९ कर्मचाऱ्यांवर एरिक ब्रिनयॉल्फसन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. एआयच्या सूचना मिळू लागल्यावर ताशी सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्के वाढल्या, नवख्यांच्या ३४ टक्के, आणि मुरलेल्यांच्या जवळजवळ नाहीतच. मुरलेल्यांच्या युक्त्या यंत्राने शिकून नवख्यांच्या कानात सांगितल्या, असं त्याचं सोपं वर्णन. ज्यांच्या युक्त्या गेल्या त्यांना त्याचे काही वेगळे पैसे मिळाले का, हा प्रश्न मला फार आवडतो.

मी भाचीला दोन गोष्टी करायला सांगितल्या. आठवड्यातून एक बिलाचा गठ्ठा यंत्राशिवाय, हाताने नोंदवायचा, म्हणजे यंत्र कुठे चुकतं ते बोटांना कळत राहील. आणि त्या काकांच्या शेजारी रोज वीस मिनिटं बसायचं, ते निवृत्त व्हायच्या आधी. मी प्रूफ वाचायला शिकले ती अशीच, बाबांनी छापलेल्या गॅलीवर, म्हणजे प्रुफाच्या लांब पट्टीवर, बोट ठेवून "वाच" म्हटल्यावर. तेव्हा त्याला प्रशिक्षण म्हणायचं हे कोणाला सुचलं नव्हतं.

आणि तुम्ही मुरलेले असाल, वय पंचेचाळिशीपुढे असेल, तर टेलिफोन ऑपरेटर मुलींची गोष्ट ऐका. १९२० ते १९४० च्या दरम्यान अमेरिकेतली निम्म्याहून जास्त टेलिफोन जोडणी आपोआप होऊ लागली. त्या काळी तरुण मुलींसाठी ती फार मोठी नोकरी होती. संशोधकांनी जनगणनेच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की पुढच्या पिढीतल्या मुली दुसऱ्या कामांत सामावल्या. फटका बसला तो आधीपासून त्या खुर्चीत असलेल्यांना. दहा वर्षांनी त्यांतल्या बऱ्याच जणी कमी पगाराच्या कामात किंवा कामाबाहेर होत्या. हे वाचलं तेव्हा मला ते टेबल आठवलं. मी सामावले, बाबा रिमा मोजत राहिले.

माणसं कशी बदलतायत

यंत्रांकडे सगळे डोळे लावून बसतात आणि गिऱ्हाईक म्हातारं होतंय हे कोणी पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०३० पर्यंत जगात सहातला एक माणूस साठीचा किंवा पुढचा असेल आणि २०५० पर्यंत अशा माणसांची संख्या २१० कोटी होईल. हा अंदाज यंत्रांच्या अंदाजाइतका डळमळीत नाही, कारण २०५० साली साठीत असणारी माणसं आज जन्मलेली आहेत, मोजता येतात. घरं लहान झाली, मुलं दूर गेली, बायका कामाला जातात. पूर्वी घरात फुकट होणारी सेवा आता कोणाच्या तरी पगाराचं काम होते.

वहीत वेगळं पान करा आणि लिहा: माझं काम ज्यांच्यापर्यंत पोचतं ते लोक वीस वर्षांत कसे बदलतील? मी लिहिलं, वाचकांचे डोळे थकतील. त्या एका ओळीने माझ्याकडे दोन कामं आली. पहिलं, १८ पॉइंट टायपात मोठ्या अक्षरांच्या आवृत्त्या लावणं. ते नुसतं अक्षर फुगवणं नसतं. ओळीत शब्द कमी मावतात, तोड वाढते, कविता मोडते. दुसरं, अंध वाचकांचं यंत्र मजकूर मोठ्याने वाचतं, त्याला शीर्षक कुठलं, तळटीप कुठली, चित्रात काय आहे हे कळावं म्हणून ई-पुस्तकात खुणा घालणं. युरोपात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकं अशी वाचनसुलभ असण्याचा कायदा लागू झाला. कायद्याने काम निर्माण होतं ते असं, आणि कायदे अंमलात येण्याच्या कितीतरी वर्षं आधी जाहीर होतात. आपल्या क्षेत्रात कुठला कायदा येऊ घातलाय ते वाचणं हा मला माहीत असलेला सर्वांत खात्रीचा भविष्यवेध आहे. कंटाळवाणा आहे म्हणून कोणी करत नाही.

हवामानाचंही असंच. २०२३ अखेर अपारंपरिक ऊर्जेत जगभर १ कोटी ६२ लाख लोक काम करत होते. छपरावर पॅनल बसवणाऱ्याला उंचीवर तोल लागतो आणि वीज कळावी लागते. ज्यांच्या वहीत हाताची कामं जास्त आहेत त्यांनी इकडे नीट पाहावं.

काकपद: काय शिकायचं

इथे माझी फजिती सांगते. एका वर्षी मी फ्लॅश हे सॉफ्टवेअर शिकले. हलती पानं, आवाज, बटणं. रात्री जागून वर्षभर. ते एका कंपनीच्या मालकीचं होतं. कंपनीने २०२० च्या ३१ डिसेंबरला त्याला पूर्णविराम दिला, आणि त्याच्या कितीतरी आधी गिऱ्हाइकं गेली होती. त्यातून काही तरी उरलं असेल म्हणून मी पुष्कळ शोधलं. कंबरदुखी उरली.

त्याच सुमारास मी वैतागत युनिकोड शिकले होते. ते कोणा एकाचं नाही, सगळ्यांनी मान्य केलेलं प्रमाण आहे. त्यावर मी आजही भाकरी खाते. तेव्हापासून नियम एकच: सॉफ्टवेअरचं बटण शिकायला एक आठवड्यापेक्षा जास्त द्यायचा नाही. त्याखालचं प्रमाण, हिशोबाचं तत्त्व, शरीराची रचना, कायद्याचं कलम यांना वर्ष दिलं तरी चालेल.

आणि शिकणं खऱ्या गिऱ्हाइकावर करायचं, लहान कामावर, तीन महिन्यांच्या आत. प्रमाणपत्राची घाई नको. उलट बाजूने, रेघ मारलेल्या कामांपैकी एक निवडून पंधरा दिवस यंत्राला द्या आणि त्याच्या चुका मोजा. मी युनिकोडनंतरची साफसफाई दिली. यंत्राने नव्वद चुका पकडल्या आणि सात नव्या केल्या, त्यांतल्या दोन गप्प बसणाऱ्या. आता ते काम त्याचं, आणि त्या सात जागा तपासणं माझं. दुसऱ्याचा अप्रकाशित मजकूर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकण्याआधी मालकाला विचारा, हे सांगायला नको, पण सांगते.

एकट्याने न होणारं

वहीने आपली आपल्याला माहिती होते. अटी ठरवायला चार माणसं लागतात. माझ्याच धंद्यातली दोन उदाहरणं आहेत. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये जुळाऱ्यांच्या संघटनेने तिथल्या मोठ्या वृत्तपत्रांशी करार केला: संगणक आणा, पण आज कामावर असलेल्या जुळाऱ्यांची नोकरी निवृत्तीपर्यंत शाबूत. १९७८ च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सचा शिशातला शेवटचा अंक निघाला. जुळारी दुसऱ्या दिवशीही कामावर आले, काही जण नवं तंत्र शिकले. लंडनमध्ये १९८६ च्या जानेवारीत रूपर्ट मर्डोक यांच्या वृत्तपत्रांनी छपाई शहराच्या पूर्वेकडच्या वॅपिंग भागात हलवली, संप झाला आणि पाच हजारांहून जास्त कामगार काढले गेले. यंत्रं दोन्हीकडे जवळपास तीच होती. अलीकडचं पाहायचं तर अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून लिहून घेतलं, की कंपनी लेखकाला एआय वापरायची सक्ती करणार नाही आणि एआयने लिहिलेलं काही हाती दिलं तर तसं सांगावं लागेल.

संघटना नसेल तर निदान कामाच्या ठिकाणी तिघं-चौघं एकत्र जाऊन विचारा: यंत्राने वाचवलेला वेळ कोणाचा? त्याचं काम तपासायला किती मिनिटं धरली आहेत? चूक झाली तर नाव कोणाचं लागणार? नवं शिकणं कामाच्या वेळात की घरी? उत्तरं तारखेसकट मेलवर मागा. भाचीने तिसरा प्रश्न विचारला तेव्हा तिचे साहेब म्हणाले, की विचार करून सांगतो. चार महिने झाले. मी तिला दर महिन्याला आठवण करायला सांगितलंय.

बाकी उजव्या कोऱ्या पानाचं. सहा महिन्यांनी पुन्हा एक आठवडा नोंदी करायच्या आणि त्या जुन्या यादीच्या समोर, उजवीकडे, ओळीला ओळ लावून लिहायच्या. जे काम उरलं ते समोरासमोर येतं. जे गेलं त्याच्यासमोर रिकामी जागा दिसते. आणि खाली, डावीकडे काहीच नसताना उजवीकडे उतरलेल्या ओळी असतात. माझ्या मागच्या वेळी अशा पाच होत्या. भाचीच्या दोन, त्यांतली एक: "काकांनी सांगितलेले जुने क्रमांक लिहून काढले, सहाशे झाले, अजून चालू."